हिंडलग्यात शून्य आहे

तीर्थस्वरूप काकूंना साष्टांग नमस्कार.

अमरावतीला परत येऊन मला आता चार महिने होतील. फोनवर आपलं बोलणं होतं. तुम्ही आधी "जेवलीस काय?" विचारता, मग इकडचं ऊन विचारता, मग गुडघ्याचं सांगता. मी आभाराचा शब्द काढला की "ठेवतो गं, गॅसवर दूध आहे" म्हणून फोन ठेवून देता. म्हणून लिहायला बसले. आणि चारचौघांसमोर लिहिते आहे, कारण घरच्या पत्त्यावर पाठवलं असतं तर तुम्ही ते देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं असतं आणि सुनेलाही कळू दिलं नसतं. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते आपल्या दोघींतच राहावं असं मला वाटत नाही.

जून २०२२ मध्ये बदलीचा कागद घेऊन मी निघाले. बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं कोल्हापूर, तिथून बस. कागल मागे पडलं, कोगनोळी आली आणि पाट्यांवरची अक्षरं गोल, कन्नड झाली. निपाणी, संकेश्वर करत बेळगाव येईपर्यंत मी खिडकीला डोकं टेकून त्या अक्षरांकडे बघत होते. त्यातलं एकही मला ओळखत नव्हतं. चौतीस वर्षांची बाई, एम. कॉम. झालेली, बँकेत अकरा वर्षं काढलेली, आणि स्टँडवर बायकांची बाजू कुठली ते दारावरच्या चित्रावरून ओळखत होते. माझी आजी निरक्षर होती. अमरावतीच्या स्टँडवर ती बस विचारताना पदर का चाळवायची ते मला त्या दिवशी समजलं.

बोलण्याची अडचण नव्हती. गणपत गल्लीत, खडे बाजारात, तुमच्या शहापुरात मराठीवर सगळं भागतं. अडत होतं ते वाचण्यापाशी. बसची पाटी, सरकारी कार्यालयातला अर्ज, सातबाऱ्यासारखा इथला जमिनीचा उतारा. आणि बँकेच्या खिडकीशी बैलहोंगल-सौंदत्तीकडचा म्हातारा शेतकरी उभा राहिला की त्याचं बोलणं आणि त्याच्या हातातला कागद, दोन्ही. तो माझ्या तोंडाकडे आशेनं बघायचा आणि मी शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारायची. दिवसातून दहा वेळा.

पहिले दोन महिने मी तुमच्या माडीवरच्या खोलीतून फक्त कामापुरती खाली उतरत होते. पाऊस तर असा, की आम्ही वऱ्हाडात सगळ्या पावसाळ्यात पाहत नाही तेवढा तुमच्याकडे एका आठवड्यात पडतो असं वाटायचं. कपडे वाळेनात. तुम्ही एक दिवस न विचारता माझ्या ओल्या साड्या खाली नेल्यात आणि चुलीच्या खोलीत दोरीवर टाकल्यात. त्या आठवड्यात बँकेत माझ्या अंगाला धुराचा वास यायचा. मला तो आवडायला लागला होता, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग तो संकष्टीचा दिवस. हिंडलग्याच्या गणपतीला जायचं ठरवलं होतं. एकटीनं केलेला तो पहिलाच बेत. कंडक्टर ओरडत होता, मला त्यातलं शेवटचं "लगा" तेवढं ऐकू आलं आणि मी चढले. बस शहराबाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागली, देवळाचा पत्ता नाही, अंधारून आलेलं. उतरले आणि तुम्हाला फोन लावला. रडत होते, हे आता सांगायला हरकत नाही.

"कुठं हाईस तू?"

"माहीत नाही काकू."

"समोर काय दिसतंय ते सांग की."

"मोठी पांढरी इमारत आहे. खूप मोठी."

"अगं, ती सुवर्णसौध, विधानसभेची! हलग्याला गेलीस तू. हिंडलगा मावळतीला, हलगा उगवतीला."

तुम्ही घाबरला नाहीत. "थांब, कुणाला तरी पाठवतो" असंही म्हणाला नाहीत. रस्ता नीट बघून ओलांड, पलीकडून येणारी कुठलीही सिटी बस बेळगावातच येते, एवढं सांगितलंत आणि बस येईपर्यंत फोन चालू ठेवलात. बोलायला काही नव्हतं तर कपिलेश्वराच्या देवळाजवळ भाजी काय भावानं मिळाली ते सांगत बसलात. चंद्रोदय झाला होता. मी घरी आले तेव्हा तुम्ही माझ्यासाठी जेवायच्या थांबला होता. तुम्ही संकष्टी करत नाही, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर मागच्या वर्षाच्या कॅलेंडरची पानं आणि नातीचा स्केचपेन. पाठकोऱ्या बाजूवर तुम्ही कन्नडात दोन शब्द लिहिलेत, मोठ्या अक्षरांत, एकाखाली एक. हिंडलगा आणि हलगा. "काय फरक दिसतोय?" मी म्हटलं, वरच्यात मधेच एक शून्य आहे. "तोच अनुस्वार. आपण डोक्यावर टिंब देतो, कन्नडात शेजारी पूर्ण शून्य काढतात. हिंडलग्यात शून्य आहे, हलग्यात नाही. शून्य दिसलं की चढ, नाही तर उभी राहा."

बस, एवढंच. पहिला धडा संपला आणि तुम्ही भाकऱ्या थापायला गेलात.

काकू, मी पुष्कळ शिक्षक बघितले. बँकेनं पाठवलेल्या भाषेच्या शिबिरातही चार दिवस बसले. तिथं पहिल्या दिवशी पन्नास अक्षरांचा तक्ता हातात दिला आणि मी तो घडी करून पर्समध्ये ठेवून दिला. तुम्ही मला त्या दिवशी जेवढं लागणार होतं तेवढंच दिलंत. दुसऱ्या आठवड्यात भिंतीवर मराठी कॅलेंडरशेजारी कन्नड कॅलेंडर लावलंत. सोमवार, मंगळवार, बुधवार तेच, चैत्र-वैशाख तेच, आपला पाडवा तोच त्यांचा युगादी. शब्द आधीच माझा होता, मला फक्त त्याचे कपडे ओळखायचे होते. रविवारी 'भानुवार' दिसला आणि मी अडले, तर तुम्ही म्हणालात, "सूर्याला काय एकच नाव आहे?" मग वाणसामान आलं. हालु म्हणजे दूध, मोसरु दही, अक्की तांदूळ, आणि तुप्प. तुप्प वाचलं आणि मी मोठ्यानं हसले, कारण ते आमच्या अमरावतीच्या बरणीतलं तूपच होतं.

प, व आणि म यांनी मला फार छळलं. तिन्ही एकाच मुशीतले, कुठं पोट जोडलेलं, कुठं शेपटी वर वळलेली. ह्रस्व आणि दीर्घ ए मला अजून पक्का येत नाही, आपल्याकडे तो भेदच नाही. पण अक्षरांचा क्रम क ख ग घ असाच आहे हे कळल्यावर निम्मी भीती गेली. तलेकट्टु म्हणजे काय तेही तुम्हीच दाखवलंत. आपली शिरोरेषा सगळ्या शब्दाला मिळून एक, तिथे बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर आपापली खूण. "एकत्र कुटुंब आणि वेगळ्या चुली" असं तुम्ही म्हणालात आणि आत गेलात, ते मी वहीत लिहून ठेवलं आहे.

बोलणं मात्र मी खिडकीशी शिकले. 'एष्ट्री' म्हणजे किती, 'बर्री' म्हणजे या, 'ऊट आत्री?' म्हणजे जेवण झालं का. त्या 'री'मुळे मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या वऱ्हाडात मोठ्या माणसाला 'हो जी' म्हणतात, इथे 'हौद्री'. आणि निघताना तेही 'जाते' म्हणत नाहीत, 'बर्तीन्री' म्हणतात, येते. तो बैलहोंगलचा म्हातारा पहिल्यांदा मला 'बर्तीन्री अक्का' म्हणाला त्या दिवशी मी तुमच्यासाठी कुंदा घेऊन आले होते. कारण विचारलंत तर सांगितलं नव्हतं. कारण ते होतं.

तुम्ही कधी माझ्यासोबत कुठे आला नाहीत, गुडघ्यांमुळे. पण पाठवत राहिलात. आधी जवळचं. किल्ल्यात जा, कमल बस्ती बघ. १२०४ सालचं ते जैन देऊळ, सभामंडपाच्या छताला उलटं लटकलेलं दगडी कमळ. मी मान दुखेपर्यंत बघत होते. मग खानापूरमार्गे हलशी, कदंब राजांची. भूवराह-नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एका देवाकडे तोंड केलं की दुसऱ्याकडे पाठ होते. मी मधल्या जागेत बराच वेळ आडवी-तिरकी उभी राहून बघितलं. मग गोकाक, ऐन पावसाळ्यात. घटप्रभा तिथं मातीच्या रंगाची होऊन कोसळते आणि झुलता पूल पायाखाली हलतो. मी पुलाच्या मध्यापर्यंत जाऊन परत फिरले. तिथली मिठाई, करदंट, आणलं. 'करिद अंटु', तळलेला डिंक, हे खोक्यावरच्या नावावरून मी स्वतः फोडून काढलं होतं आणि दारातूनच तुम्हाला ओरडून सांगितलं.

घरी आले की बाकीचे विचारायचे काय बघितलंस. तुम्ही विचारायचात, "आज काय वाचलीस?" परतीच्या बसमध्ये मी तुमच्यासाठी पाट्या गोळा करत यायची.

माझ्या गावच्या माणसांना बेळगाव ठाऊक आहे ते बातम्यांतून. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलेला भाग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा. फोनवर नातेवाईक विचारायचे, तिथं कन्नड शिकायची सक्ती केली का गं तुला? तुमच्या सासऱ्यांनी सीमालढ्यात तुरुंग पाहिला होता. त्यांचा फोटो ज्या भिंतीवर होता त्याच भिंतीवर तुम्ही माझ्यासाठी कन्नड कॅलेंडर लावलंत. मी एकदा भीत भीत विचारलं होतं, तुम्हाला यात काही वाटत नाही का. तुम्ही म्हणालात, "माझं माहेर मराठी, शाळा कन्नड. कन्नड वाचतो म्हणून माझं मराठी कुठं कमी झालं? मामंजींनी भांडून मागितलं ते आपली भाषा. दुसऱ्याची नको असं ते कधी म्हणाले नाहीत." मी हे सगळ्यांना सांगते. ज्यांना दुःख आहे त्यांचं दुःख खरं आहे, ते मी तुमच्या घरात जवळून पाहिलं, आणि त्याच घरानं मला अक्षरं दिली.

हे सांगताना रंगपंचमी आठवली. धुळवडीला टिळकवाडीतल्या मैत्रिणीकडे रंगून घरी आले, तर शहापुरात सगळे कोरडे! मला वाटलं कुणी तरी वारलं. शहापूर सांगली संस्थानात होतं, म्हणून इथला रंग पंचमीला, हे तुम्ही माझे केस धुताना सांगितलंत. संस्थान जाऊन पाऊणशे वर्षं झाली, रंगाचा दिवस राहिला. पाच दिवसांनी तुमच्या नातीनं मला परत रंगवलं.

आणि आता ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे ते. बदलीच्या आधीचा तो रविवार. सहकाऱ्याची गाडी मिळाली आणि मी हट्टानं तुम्हाला बाहेर काढलं. तुमचं माहेर मलप्रभेच्या काठचं, पण नदी उगवते ते कणकुंबी तुम्ही साठ वर्षांत पाहिलं नव्हतं. मी दोनदा जाऊन आले होते, आणि खाली सौंदत्तीला धरणात पसरलेली तीच नदीही बघून आले होते. तुमचा चष्मा घरी राहिला. पिरनवाडी सुटल्यावर तुम्ही बाहेर बघत म्हणालात, "कुठलं गाव आलं? मला दिसत नाही, वाच की."

मी वाचलं. किणये. कुसमळी. जांबोटी. प्रत्येक पाटी, दुकानांच्यासुद्धा, जंगल सुरू होऊन पाट्या संपेपर्यंत. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता आणि एकदाच, फक्त एकदा, म्हणालात, "तो म नव्हे, व आहे, मला गाव माहीत आहे." कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी तुम्ही पाण्यात हात घातलात, आणि माहेरी ज्या नदीला पूर आला की शाळा बंद व्हायची तिच्याकडे बघून म्हणालात, "एवढीशीच?" परत येताना कुसमळीच्या पुलावर गाडी थांबवायला लावलीत आणि खाली बघत राहिलात. आपण दोघी तिथं काही बोललो नाही.

काकू, मनापासून आभार. धुराच्या साड्यांचे, थांबलेल्या जेवणाचे, चालू ठेवलेल्या फोनचे. आणि त्या संध्याकाळी मला न्यायला कुणालाही न पाठवल्याचे.

माझ्या खोलीत आता ओडिशाची नर्स राहते असं परवा म्हणालात. तिला मराठीही येत नाही आणि कन्नडही. कॅलेंडरची पानं सापडत नाहीत, तू नेलीस काय, असं विचारलंत तेव्हा मी विषय बदलला होता. मीच नेली. सगळी, अठरा. माझ्या कपाटात आहेत आणि ती मी परत पाठवणार नाही. तिच्यासाठी तुम्हाला नवी लिहावी लागतील. स्केचपेन पाठवते आहे.

तुमची,
माडीवरची अमरावतीकर