सरकारची नोट सरकारच्याच खिडकीवर का नाकारली जाते?

माननीय केंद्रीय अर्थमंत्री महोदया,

सादर नमस्कार. गेल्या आठवड्यात घरपट्टीपोटी मी पालिकेच्या वसुली खिडकीवर दोन हजारांच्या पाच नोटा दिल्या आणि लिपिकाने त्या पाहताक्षणी नाकारल्या. वडील वारल्यानंतर त्यांच्या कपाटात त्या सापडल्या होत्या. नकार लेखी द्या, ही माझी विनंतीही फेटाळली गेली. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागेल, हे मात्र रांगेतल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगण्यात आले. आयुष्यभर वेळेवर कर भरणाऱ्या माणसाच्या मुलाला चोरट्यासारखे मान खाली घालून परतावे लागले.

19 मे 2023 रोजी या नोटा चलनातून मागे घेताना त्या वैध चलन राहतील, असे रिझर्व्ह बँकेनेच जाहीर केले होते. 1934 च्या रिझर्व्ह बँक कायद्याचे कलम 26 सांगते की नोट भारतात कोठेही वैध आहे आणि तिला केंद्र सरकारची हमी आहे. ती वैधता काढायची तर राजपत्रात अधिसूचना लागते. तशी अधिसूचना निघालेली नसताना खिडकीवरच्या लिपिकाला हा अधिकार कोणी दिला?

हा वाद जुना आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्याने 1838 साली स्वतःची बँक काढताना, तिच्या नोटा राज्याच्या करापोटी स्वीकारल्या जातील, असे सनदेच्या बाराव्या कलमात लिहून दिले होते. यादवी युद्धात बँक बुडाली, नोटांचे मोल कोसळले आणि विधिमंडळाने ते कलमच रद्द केले. नॅशव्हिलच्या फर्मन, ग्रीन आणि कंपनी या व्यापारी पेढीने परवान्याच्या करापोटी त्याच नोटा पुढे केल्या, तेव्हा काउंटी न्यायालयाचे लिपिक निकल यांनी त्या नाकारल्या. राज्यातील न्यायालयात पेढी हरली, परंतु डिसेंबर 1868 च्या सत्रात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. कलम रद्द होण्यापूर्वी निघालेली नोट ज्याच्या हाती असेल त्याच्याशी राज्याचा करार झालेला आहे आणि नंतरचा कायदा तो मोडू शकत नाही, हे त्या निकालाचे सार होते. तेथे निदान नोटांमागची बँक बुडालेली होती. येथे तर रिझर्व्ह बँक भक्कम उभी आहे आणि नोटेवरचे वचन कोणी मागे घेतलेले नाही.

2016 साली आपल्याच सरकारने पाचशे आणि हजारांच्या नोटा रद्द केल्या, तरी पालिकांनी करापोटी त्या काही आठवडे घेतल्या. म्हणजे रद्द नोट चालली आणि वैध नोट चालत नाही! दोन हजारांच्या 98 टक्क्यांहून अधिक नोटा परत आल्या, असे आम्हाला सांगितले जाते; परंतु उरलेल्या हजारो कोटींच्या नोटा काही सगळ्या काळा पैसा नव्हेत, त्यांत माझ्या वडिलांसारख्यांची पुंजीही आहे. त्या बदलण्यासाठी दुकान बंद ठेवून रिझर्व्ह बँकेचे मुंबई, बेलापूर किंवा नागपूर येथील कार्यालय गाठायचे, नाहीतर घामाचे पैसे तिकडे पाठवण्यासाठी टपालाच्या भरवशावर सोडायचे, एवढेच मार्ग उरले आहेत. चूक सरकारी यंत्रणेची आणि खेटे मात्र नागरिकाचे, ही रीत प्रत्येक कचेरीत मुरलेली आहे.

वैध चलन करापोटी स्वीकारावे, अन्यथा नकार लेखी द्यावा आणि त्या रकमेवर शास्ती लावू नये, असा आदेश राज्य सरकारांमार्फत सर्व पालिकांना पोहोचवावा. ते करायचे नसेल, तर नोटा अवैध असल्याची अधिसूचना काढावी आणि कलम 26 मधील हमीचे काय झाले, हे आम्हाला लेखी कळवावे.

आपला,
एक करदाता दुकानदार