सौ. की श्रीमती?

हनुमाननगर, नागपूर
मारबतीचा दिवस, रात्री

प्रिय बंडू,

तू १९९९ साली महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुण्याला गेलास, तेव्हा मी स्टेशनवर आलो नव्हतो. ताप आहे म्हणून निरोप पाठवला होता. ताप-बिप काही नव्हता. घरीच होतो, कूलरसमोर उताणा पडून. हे सांगायला पंचवीसच्या वर वर्षं लागली आणि आजही सांगतोय ते तुझ्याकडे काम आहे म्हणून. काम शेवटी लिहितो, नाहीतर तू तेवढंच वाचशील.

आई गेली हे फोनवर बोललोच. तेरवीच्या कार्डाचं बोललो नाही. बर्डीवर छापखान्यात मजकूर दिला, तर तो माणूस चष्म्यावरून बघत म्हणाला, "भाऊ, सौ. टाकू की श्रीमती?" त्याला काय, रोजचा प्रश्न. मला उत्तर येईना. म्हटलं, नुसतं नाव टाका. "तसं बरं नाही दिसत," म्हणाला. शेवटी कै. टाकून दोघंही सुटलो.

घरी तो प्रश्न मामीनं आधीच निकाली काढला होता. आईला हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं आणि कुणी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "सवाष्णच होती माय. ज्याले नाही म्हणायचं असन, त्यानं समोर येऊन सांगावं." मोक्षधामला पोचेपर्यंत रस्त्याकडेच्या प्रत्येक पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याकडे मी पाहत होतो. आई खांद्यावर आणि डोळे गर्दीत. लाज वाटली मला, पण पाहणं थांबलं नाही.

१९८८ ची मारबत आठवते तुला? बाबा आपल्या दोघांना घेऊन गेले होते. मी त्यांच्या खांद्यावर, तुझं बोट त्यांच्या हातात. काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मिरवणुका नेहरू पुतळ्याजवळ भेटल्या तेव्हा "ईडा पीडा घेऊन जाऽऽ गे मारबत" असं ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की त्यांची छाती माझ्या मांडीला थरथरल्यासारखी लागली. संध्याकाळी तान्हा पोळा. माझ्या लाकडी नंदीचं एक चाक हरवलं होतं. मिल सुटून तेव्हा वर्ष झालं होतं, पण घरात सुताची रिकामी रिळं पडलेली असायची. त्यांनी एका रिळाला कानस मारून चाक केलं. ते इतर तिघांपेक्षा बारीक, त्यामुळे नंदी लंगडत चालायचा. तू हसला होतास.

बारा दिवसांनी ते गेले. "भिलाईला काम पाहून येतो. येताना डोंगरगडचा प्रसाद आणतो." पिशवीत दोन शर्ट, दाढीचं सामान. दिवाळीत दुर्गहून तीनशे रुपयांची मनीऑर्डर आली. मनीऑर्डरच्या खाली चार ओळी लिहायला कूपन असायचं ना, ते कोरं. आईनं ते कोरं कूपन मसाल्याच्या जुन्या डब्यात ठेवलं होतं. परवा सापडलं, अजून धण्याचा वास आहे त्याला. त्यानंतर काही नाही.

मी रडलो नाही हे तुला माहीत आहे. मोहल्लाभर कौतुक, पोरगा कसा समजदार आहे म्हणून. आठव्या वर्षी मी दळण आणत होतो, रॉकेलच्या रांगेत उभा राहत होतो. पुष्कळ वर्षं मलाही तो माझा गुणच वाटला.

मग आमच्या चिनूला आठवं लागलं. मला काय झालं मलाच कळेना. तिच्या वाढदिवसानंतर मी ऑफिसात उगाच थांबायला लागलो. तेही जमेना तेव्हा फुटाळा तलावावर गाडी लावून नऊ-नऊ वाजेपर्यंत बसायचो. ना बाटली, ना बाई, फक्त घरी जायचं नाही. एकदा साडेनवाला दार उघडून आत आलो, तर चिनूनं वहीतून मान वर केली नाही. ही म्हणाली, "पहा, किती समजदार झाली." बंडू, माझ्या पोटात खड्डा पडला. तो समजदारपणा मला ओळखता येतो.

त्यानंतर धरमपेठेत एका समुपदेशक बाईंकडे जायला लागलो. (हसू नको. तू गुडघ्यासाठी तीन डॉक्टर केलेस.) त्यांनी जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी या दोन ब्रिटिशांबद्दल सांगितलं. आईबापांना सोडून दवाखान्यात राहावं लागलेली लहान पोरं त्यांनी १९५० च्या आसपास बारकाईनं पाहिली. पोर आधी आकांत करतं. मग गप्प, उदास होतं. तिसऱ्या पायरीवर खेळायला लागतं, नर्सला हसतं, सगळे म्हणतात, रुळलं. आई भेटायला आली की मात्र तिच्याकडे बघत नाही. त्या पोरांचे आईबाप बहुतेक परत येत होते, हा फरक आहेच. पण ती तिसरी पायरी ऐकताना मला चिनूची वही दिसली.

बाईंनी माझ्या दुखण्याचं नावही सांगितलं. पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकन बाईंनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्यांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि असल्या धड ना इकडच्या धड ना तिकडच्या नुकसानीला 'संदिग्ध वियोग' या अर्थाचं नाव दिलं. नाव मिळाल्यानं दुखणं कमी होत नाही, फाइलीला लेबल लागतं एवढंच. पण मी आता सातला घरी असतो. पहिले दोन महिने चिनूनं दखलही घेतली नाही. मग एक दिवस म्हणाली, "तुम्ही आज सात-दहाला आले." म्हणजे घड्याळ बघत होती.

आता काम. घर अजून बाबांच्या नावावर आहे. आईनं ते कधी बदलू दिलं नाही आणि घरटॅक्स त्यांच्याच नावानं भरत राहिली. माझं नाव चढवायचं तर त्यांचा मृत्यूचा दाखला हवा, तो आणायचा कुठून? सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात वकील गाठला. सात वर्षं ज्याची काही खबर नाही, त्याला कायदा मेलेला धरू शकतो. पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १०८ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १११. दाव्यासोबत मला प्रतिज्ञापत्र करायचं आहे. सात वर्षं तर १९९५ मध्येच भरली, अडचण तिथं नाही. खबर कुणाला नाही, हेही कायद्यात सांगितलं आहे: तो माणूस जिवंत असता तर ज्यांना त्याची खबर सहजच लागली असती, अशांना.

वकिलानं हे भराभर वाचून पेन पुढं केलं. मी तिथंच अडकलो. आम्ही तसे होतो का बे? बाबा कुठंतरी जिवंत असते, तर मला आणि आईला कळवणं त्यांना सहज वाटलं असतं का? सही केली तर दोन गोष्टी लिहून दिल्यासारख्या होतात. एक, बाप मेला. दुसरी, तो जिवंत असता तर त्यानं आम्हाला कळवलं असतं. पहिलीवर मी डोळे मिटून सही करीन. दुसरीपाशी हात थांबतो. वकील म्हणाला, "साहेब, ही नुसती भाषा असते." असेल. तीन आठवडे झाले, कागद टीव्हीवरच्या फळीवर आहे, शेजारी लंगडा नंदी.

वकिलाला घरच्याशिवाय एक साक्षीदार हवा आहे, ज्यानं त्या काळात आमचं घर रोज पाहिलं. मामी म्हणते, मी येते. पण कोर्टात ती काय बोलेल याचा नेम नाही. तूच ये. मला त्या बाकावर एकट्यानं बसायचं नाही. तू आलास तर त्याच दिवशी सही करीन म्हणतो. दिवाळीनंतरची तारीख मागून घेतो, तेवढ्यात तुझा गुडघाही बरा होईल. उतरायचं घरीच, हॉटेल-बिटेल करू नको. ही पाटवडी रस्सा करणार आहे आणि चिनूला तुझ्याकडून माझ्या लहानपणीच्या भानगडी ऐकायच्या आहेत. जरा बेतानं सांग.

गाडी कोणती ते कळव. घ्यायला स्टेशनवर येतो, अर्धा तास आधीच येऊन उभा राहीन. सोडायला येण्याचं मात्र आत्ता कबूल करत नाही. नाही आलो तर या वेळी तापाचं सांगणार नाही.

तुझा,
पप्पू