पालघरच्या मुलांचे आकडे तालुकानिहाय हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पालघर जिल्ह्यातील बालआरोग्यावरचे आपले कालचे वृत्त वाचले. त्यातील टक्केवारी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची, म्हणजे जुनी आणि साऱ्या जिल्ह्याची मिळून एकच आहे. वसई-विरारची दाट वस्ती आणि मोखाडा-जव्हारचे पाडे एकाच सरासरीत घातले, तर कोणत्या गावात काय करायचे हे त्यावरून कोणी ठरवायचे? शिवाय या सर्वेक्षणात मुलांचे उंची-वजन घेतात ते पाच वर्षांखालील. माझ्या वर्गातली सहावी-सातवीची मुले त्यात नाहीतच.

मोजमाप होत नाही, असे मात्र नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. आमच्या शाळेत अशाच तपासणीत डॉक्टरांनी सातवीतल्या एका मुलीची खालची पापणी ओढून पाहिली, नखे पाहिली आणि रक्त कमी असल्याचे सांगून तिला ग्रामीण रुग्णालयात संदर्भित केले. दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली. चिठ्ठी इथे आणि मुलगी तिथे. पुढच्या वर्षी आलेल्या पथकाकडे तिची जुनी नोंद नव्हती. तीच पापणी पुन्हा पाहिली आणि तीच चिठ्ठी पुन्हा लिहिली. मधल्या काळात तिला उपचार मिळाले का, हे त्यांनी मलाच विचारले. राज्यात १५ ते १९ वयोगटातील निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय असल्याचे हेच सर्वेक्षण सांगते, तेव्हा ही मुलगी अपवाद नाही, याची मला अधिक काळजी वाटते.

तालुक्याचे एकत्रित आकडे मी संबंधित कार्यालयात मागितले, तेव्हा 'अहवाल वर पाठवला आहे' एवढेच उत्तर मिळाले. ज्या शाळेत मुलांना रांगेत उभे करून ही माहिती घेतली, त्या शाळेला ती परत का मिळू नये? १९९२ मध्ये आमच्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, त्या तालुक्याला तरी आपल्या मुलांची स्थिती वर्षाच्या वर्षी कळलीच पाहिजे.

आपल्या प्रतिनिधींनी शाळा तपासणीचे तालुकानिहाय आकडे जिल्हा परिषदेकडे मागावेत, संदर्भित मुलांपैकी किती जण प्रत्यक्ष रुग्णालयात पोचले हेही विचारावे आणि मिळेल ते छापावे, ही विनंती. जाता जाता, आमच्या पाड्यावरच्या अंगणवाडीतील वजनकाटा पावसाळ्यापासून बंद आहे आणि सेविका शेजारच्या पाड्यावरून काटा मागून आणते, याचीही दखल घ्यावी.

आपली,
एक शिक्षिका, जव्हार