बाळंतिणीच्या जागेला हात लावू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

ध्रुवीय अस्वलाची बातमी आली की बर्फ वितळतोय एवढंच वाचायला मिळतं, ती पिल्लं कुठे घालतात आणि ती जागा कोण जपतं याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

मादी ऑक्टोबर-नोव्हेंबरात साचलेल्या बर्फात बीळ खणून आत जाते आणि ऐन हिवाळ्यात पिल्लं होतात, बहुतेकदा दोन, अर्धा-पाऊण किलोची, डोळे मिटलेली. मार्च-एप्रिलपर्यंत ती बाहेर येत नाही, काही खात नाही, अंगावरच्या चरबीवर स्वतः जगते आणि वर दूधही पाजते. अशात मशीनच्या धडधडीने तिने बीळ सोडलं तर त्या थंडीत एवढुशी पिल्लं जगणार कशी?

१९७३ साली ओस्लोत पाच देशांनी करार केला त्यात या बिळांच्या जागा जपायचं स्पष्ट लिहिलंय. नॉर्वेच्या स्वालबार्डमधल्या कोंग कार्ल्स लांड बेटांवर तर वर्षभर प्रवेशबंदी आहे, टुरिस्टलाही नाही, आणि मला हेच सगळ्यात पटतं. अलास्कात मात्र तेलासाठी हिवाळ्यात अवजड गाड्या फिरवायच्या आणि बिळं विमानातून इन्फ्रारेड म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने शोधायची असं चालतं, पण वर बर्फाचा थर जाड असला की खालचं बीळ त्यात दिसतच नाही. आणि नुसती जमीन राखूनही भागत नाही हो, स्वालबार्डच्याच होपेन बेटावर ज्या वर्षी समुद्र उशिरा गोठतो त्या वर्षी बिळं कमी होतात कारण मादी तिथवर पोचतच नाही.

आपल्याकडे वेळास, आंजर्ले, गुहागरला ऑलिव्ह रिडले कासवं येतात. गावातली पोरं पहाटे उठून अंडी शोधतात, हॅचरीत नेऊन ठेवतात, त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. अस्वलाचं बीळ असं उचलून नेता येत नाही म्हणून तिथे अख्खी जागाच राखावी लागते, पण आपली कासवाची मादी तरी आधी वाळूवर चढायला हवी ना. किनाऱ्यावर रिसॉर्टचे फ्लडलाइट, रात्री वाळूत गाड्या, वर दगडी बंधारे, मग ती अंडी घालायला येणार कुठून?

म्हणून वनखात्याला आणि ग्रामपंचायतींना कळकळीची विनंती आहे की नोव्हेंबर ते मार्च, जिथे घरटी सापडतात तेवढा तरी किनारा रात्री पूर्ण बंद ठेवा, लाइट नको, गाडी नको, आणि याच सीझनपासून सुरू करा.

आपला,
एक वाचक, गुहागर, जि. रत्नागिरी