गुप्तवार्तेचे प्रशिक्षण खबर मिळवण्यापाशी थांबू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या सिंहस्थाच्या तयारीत रस्ते, घाट, पूल आणि कॅमेरे यांची चर्चा रोज वाचायला मिळते. २ ऑगस्ट २०२७ च्या पहिल्या अमृतस्नानाआधी पोलीस वरिष्ठांच्या टेबलावर जे गोपनीय अहवाल येतील, ते लिहिणाऱ्या अंमलदारांच्या तयारीबद्दल मात्र चार ओळीही दिसत नाहीत. माणसे जोडणे, खबऱ्या सांभाळणे हे गोपनीय शाखेचे लोक वर्षानुवर्षे रस्त्यावरच शिकतात आणि उत्तम शिकतात. पण आलेली खबर पारखायची कशी, तिच्यातून निष्कर्ष काढायचा कसा आणि तो वरिष्ठाला वेळेत उमजेल असा मांडायचा कसा, यावर प्रशिक्षणातला फार थोडा वेळ खर्च होतो. घोडे तिथेच पेंड खाते.

सुरुवात टिपणापासून करावी. वहीच्या पानाचे तीन रकाने पाडायचे: स्वतः पाहिले, दुसऱ्याकडून ऐकले, मला वाटले. हे तिन्ही एका वाक्यात मिसळले की पुढे कितीही हुशार अधिकारी बसवा, ते वेगळे करता येत नाही. टिपण भेटीनंतर तासाभरात लिहावे, कारण दुसऱ्या दिवशी आठवण स्वतःहून गाळलेल्या जागा भरते. प्रश्न विचारण्याचेही तसेच आहे. ‘तिथे पांढरी गाडी होती का?’ असे विचारले की समोरच्याला पांढरी गाडी दिसायला लागते. आधी ‘तिथे काय काय होते?’ असे विचारून त्याला पूर्ण बोलू द्यावे, मग तपशिलात शिरावे.

गर्दीचा अंदाज हाही गुप्तवार्तेचाच भाग आहे, आणि नाशिकमध्ये तो सर्वांत महत्त्वाचा. २७ ऑगस्ट २००३ ची सरदार चौकाजवळची चेंगराचेंगरी पंचवटी विसरलेली नाही. ‘प्रचंड गर्दी’ या शब्दांवर कुणालाही बंदोबस्त हलवता येत नाही. जागेचे चौकोन पाडून दर चौरस मीटरला माणसे मोजायला शिकवावे. विरळ गर्दीत एक, दाट गर्दीत अडीच, खेटून उभ्या गर्दीत चार. पाचच्या वर गेले की धोका सुरू होतो आणि सातच्या आसपास माणसाचे पाय स्वतःच्या ताब्यात राहत नाहीत, लोंढा नेईल तिकडे तो जातो. चालत्या गर्दीचे गणित वेगळे. सपाट रस्त्यावर एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ८० माणसे जातात, पायऱ्यांवर त्याहून कमी. म्हणजे चार मीटरच्या बोळातून मिनिटाला सव्वातीनशेच्या आसपास. मागून पाचशे येत असतील, तर दहा मिनिटांत तोंडाशी पावणेदोन हजार माणसे तुंबतात. हा आकडा तुंबण्याआधी कळवला तरच त्याचा उपयोग.

खबर पारखण्यासाठी जगभर एक साधी पद्धत वापरतात: सूत्राला ए ते एफ अशी श्रेणी (ए म्हणजे सर्वांत भरवशाचे) आणि माहितीला १ ते ६ असा अंक (१ म्हणजे सर्वांत पक्की). दोन्ही स्वतंत्रपणे द्यायचे असतात. नवखे अधिकारी ए-१, बी-२, सी-३ असे तिरपे देत जातात, म्हणजे सूत्र चांगले तर खबरही चांगली असे गृहीत धरतात. भरवशाचा माणूसही ऐकीव गोष्ट सांगू शकतो. दुसरी चूक एफ आणि ६ बाबत होते. त्यांचा अर्थ ‘खोटे’ असा नसून ‘ठरवता येत नाही’ असा आहे. नवा खबऱ्या एफमध्येच सुरू होणार. त्याची खबर फेकून द्यायची नसते, दुसऱ्या वाटेने पडताळायची असते.

सर्वांत फसवा प्रकार एकाच खबरेच्या प्रतिध्वनीचा. तीन ठाण्यांतून सारखीच खबर आली की ती पक्की वाटते, आणि खोदून पाहिले तर तिन्हींचे मूळ एकच व्हॉट्सॲप संदेश निघतो. २०१८ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा अशीच पसरली. देशभर फिरलेली एक चित्रफीत तर मुळात कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेची होती, शेवट कापलेली. १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भटक्या जमातीतल्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. त्याच रात्री मालेगावातही जमाव जमला होता, तिथे पोलिसांनी जमावाच्या तावडीत सापडलेल्यांना वाचवले. अशी चित्रफीत आली की पाट्यांची भाषा, वाहनांचे क्रमांक, सावल्या तपासणे आणि तिच्यातले एकेक स्थिरचित्र इंटरनेटवर टाकून ते आधी कुठे आले होते हे शोधून पाहणे हे प्रत्येक अंमलदाराच्या हाताला वळण म्हणून बसले पाहिजे. त्यासाठी एक दिवसाचा सराव पुरतो.

विश्लेषण शिकवायला एक कागद आणि पेन्सिल पुरे. समजा, तपोवनात एक माणूस तीन संध्याकाळी फोटो काढताना दिसला. शक्यता चार: मंडप कंत्राटदाराचा माणूस, हौशी छायाचित्रकार, पाकीटमार टोळीचा टेहळ्या किंवा घातपातासाठी जागेची आगाऊ पाहणी (रेकी) करणारा. त्या आडव्या मांडायच्या आणि पुरावे उभे. ‘तीन दिवस आला’ हे चारही शक्यतांना लागू पडते, म्हणून त्याची किंमत शून्य. ‘फक्त बाहेर पडायच्या वाटा आणि पोलीस चौकी टिपली’ हे हौशी माणसाला बसत नाही. ज्या शक्यतेविरुद्ध सर्वांत कमी पुरावा उरतो ती पुढे धरायची. आपल्याकडे याच्या उलट होते: आधी संशय ठरतो आणि मग त्याला जुळेल तेवढेच वेचले जाते.

आता मांडणी. कांद्याच्या आंदोलनावरचा अहवाल असा असतो: ‘विश्वसनीय सूत्रांकडून समजते की, शेतकरी मोठ्या संख्येने आंदोलन करण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ आंदोलन झाले तरी हे खरे, न झाले तरी खरे. तोच मजकूर असा हवा: ‘उद्या सकाळी ११ ते १ चांदवड चौफुलीवर रास्ता रोको होण्याची दाट शक्यता, सुमारे ८० टक्के. २०० ते ३०० माणसे, ट्रॅक्टरसह. आधार: दोन गावांच्या बैठका, एक स्वतः पाहिलेली. विरुद्ध: आज रात्री व्यापाऱ्यांशी बोलणी आहेत. ठाऊक नाही: बाहेरच्या तालुक्यातून किती येणार. बोलणी फिसकटली तर रात्री १० ला पुन्हा कळवू.’ निष्कर्ष पहिल्या ओळीत, सगळे एका पानात, तोंडी सांगायचे तर तीन मिनिटांत. शक्यतेचे शब्द आणि टक्के एकदाच ठरवून तक्ता भिंतीवर लावावा, नाहीतर ‘शक्यता आहे’ म्हणजे एकाला २० टक्के वाटते आणि दुसऱ्याला ८०. २६/११ नंतरच्या राम प्रधान समितीने राज्य पातळीवरच्या इशाऱ्यांच्या हाताळणीतला गोंधळ दाखवून दिला होता. इशारा कुणी, कधी वाचला आणि काय केले याची नोंद प्रत्येक अहवालाच्या तळाशी सक्तीची करावी.

कायद्याची मर्यादाही याच वर्गात शिकवावी. फोन ऐकणे हे सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय होत नाही. खबऱ्याचे नाव अहवालात कधीच नसते, त्याचा सांकेतिक क्रमांक असतो; नाव फुटले की माणूस जातो आणि पुढच्या दहा खबराही जातात.

महाराष्ट्र पोलीस अकादमी त्र्यंबक रोडवरच आहे. शहर व ग्रामीण दलातील गोपनीय अंमलदारांना २०-२० च्या तुकड्यांत दहा दिवस तिथे बोलवावे. दोन दिवस टिपण व प्रश्न, दोन दिवस गर्दी, एक दिवस चित्रफितींची पडताळणी, तीन दिवस विश्लेषण आणि दोन दिवस फक्त लेखन व तोंडी मांडणी. व्याख्याने निम्म्याहून कमी ठेवावीत. परीक्षा त्र्यंबकला घ्यावी: श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीत प्रत्येकाने आदल्या रात्री तासागणिक गर्दीचा अंदाज लिहून पाकिटात द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशीच्या मोजणीशी तो सर्वांसमोर ताडून पाहायचा.

आपला,
एक निवृत्त पोलीस प्रशिक्षक,
इंदिरानगर, नाशिक