जावाच्या पोटातलं काम करणाऱ्या मेस्त्रींना जाहीर आभारपत्र

आदरणीय मेस्त्री,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझी जुनी जावा मोटरसायकल दुरुस्त होऊन चालू झाल्यापासून माझं कौतुक फार होतंय आणि ते सगळं चुकीच्या पत्त्यावर येतंय. जो येतो तो टाकीवरून हात फिरवतो. सोनेरी रेघा कुणी मारल्या, क्रोम कुठे केलं, गुडघ्याची रबरं कुठून मिळवली, सगळं विचारतो. पेंटरचा नंबर तर मी आता पाठ म्हणून दाखवू शकतो. पण बोअर कुणी केला, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून पुन्हा गोल कुणी केला, आणि क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वरखाली चालीनं फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा, कुणी जुळवला, हे आजवर एकाही माणसानं विचारलेलं नाही. विचारणार तरी कसं म्हणा! ते काम इंजिनच्या केसिंगच्या आत बंद आहे आणि देव करो, पुढची बरीच वर्षं बंदच राहो. तेव्हा म्हटलं, आपणच चारचौघांत सांगून टाकावं.

तुम्हाला पत्रबित्र आवडणार नाही, ठाऊक आहे. ‘काम झालं ना? मग झालं,’ एवढंच म्हणाल. तरी वाचा.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी गाडीची कुंडली थोडक्यात सांगतो. साठच्या दशकातली जावा 250, म्हैसूरच्या आयडियल जावाची. मूळ कंपनी चेकोस्लोव्हाकियाची, प्राग शहरात 1929 मध्ये सुरू झालेली. म्हैसूरच्या कारखान्यातून 1961 पासून जावा निघू लागल्या, 1973 पासून त्याच घराण्याचं नाव येझदी झालं आणि 1996 मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. माझी गाडी कुणाच्या तरी गोठ्यात सरपणाखाली पडून होती. इंजिन जॅम नव्हतं, पण किक मारली तर पाय विरोधच न होता खाली जायचा. आधी एका ठिकाणी दाखवली. त्यांनी पिस्टन आणि क्रँक जोडणारा कनेक्टिंग रॉड नुसता हलवून पाहिला आणि निकाल दिला: क्रँक गेला, टाकून द्या, बाजारातला तयार सेट बसवा. ब्लॉकला, म्हणजे सिलिंडरला, ‘फिफ्टी साइज’ (अर्धा मिलिमीटर मोठा बोअर) मारून देतो म्हणाले. मोजमाप काही नाही.

तुम्ही मात्र रॉड आधी आडवा हलवला, मग उभा. आडवा हलला तर चालतं, हलायलाच पाहिजे, तिथे तेल जायला जागा लागते. उभ्यात, म्हणजे वरखाली, किंचितही खेळ नको. आमच्या क्रँकला उभ्यात खेळ होता, पण तुम्ही म्हणालात, ‘पिन आणि बेअरिंग गेलंय. फ्लायव्हील, क्रँकची ही जड चाकं, म्हैसूरची आहेत, तसं लोखंड आता कुणी देणार नाही. क्रँक का टाकायचा?’ त्या एका वाक्यानं माझी गाडी मूळची राहिली. आज इंजिन उघडलं तर आतली फ्लायव्हील कारखान्यातून आली होती तीच आहेत, याचा मला टाकीवरच्या रेघांपेक्षा जास्त अभिमान आहे. दाखवता येत नाही, हीच काय ती पंचाईत.

मग ब्लॉक. तुम्ही आतला व्यास मोजायचा बोअर गेज आत सोडला आणि वर, मध्ये, खाली अशी मापं घेतलीत, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. खडूनं टेबलावरच आकडे मांडलेत. ते आकडे बघताना पहिल्यांदा कळलं की सिलिंडर झिजतो म्हणजे नुसता मोठा होत नाही. तो वर जास्त झिजतो, खाली कमी. पुढे-मागे जास्त, डाव्या-उजव्या अंगाला कमी. म्हणजे गोल राहत नाही आणि सरळही राहत नाही. शिवाय आमच्या ब्लॉकला पूर्वी कुणीतरी तिरकं बोअर करून ठेवलं होतं. त्या माणसाला तुम्ही जी शिवी दिलीत ती इथे लिहीत नाही.

‘पिस्टन आणा, मग ब्लॉकला हात लावतो.’ हे तुमचं वाक्य जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या प्रत्येकानं भिंतीवर लिहून ठेवावं. जावाचा मूळ बोअर 65 मिमी, स्ट्रोक 75, म्हणून 248 सीसीच्या वर थोडंसं. पण 65.50 छापलेला पिस्टन म्हणजे 65.50 असेलच असं नाही, आणि कारखाना बंद झाल्यावर बाजारात जो माल आला त्यात तर नाहीच नाही. पिस्टन मोजायचा तोही खालच्या बाजूला, स्कर्टवर. डोकं मुद्दाम बारीक केलेलं असतं, कारण तिथे आग असते आणि तिथलं अॅल्युमिनियम जास्त फुगतं. सिलिंडर बिडाचा, तो त्या मानानं पुष्कळ कमी फुगतो. मधली जागा कमी ठेवली तर पहिल्याच चढावर पिस्टन धरतो, जास्त ठेवली तर खडखडतो. एका शतांश मिलिमीटरवरून तुम्ही माझ्याशी अर्धा तास बोललात. मी आणलेला पहिला पिस्टन, खाचेत रिंग (पिस्टनभोवतीची कडी) सैल बसते म्हणून परत करायला लावलात. दुकानदार माझ्यावर चिडला. तुमचं नाव सांगितल्यावर मुकाट्यानं बदलून दिला, हेही इथे नोंदवून ठेवतो.

आता जे लिहायला मुख्यतः बसलो ते. बोअर झाला, होनिंग म्हणजे दगडानं आतून घासणं झालं, आत तिरप्या रेघांची जाळी उमटली. मला वाटलं, संपलं. तुम्ही ब्लॉक उजेडाच्या बाजूला धरलात, खिशातून बोटाएवढी अर्धगोल कानस काढलीत आणि पोर्टच्या कडा घासायला लागलात. एकेक पोर्ट. जावासारख्या टू-स्ट्रोक इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात, सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात, तेच पोर्ट, आणि रिंग दर फेरीला त्या खिडक्यांवरून धावते. बोअर मारला की खिडक्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार होतात. रिंग तिथे अडकली की तुटते, तुकडा वर उडतो आणि ब्लॉक, पिस्टन, हेड तिन्हींची वाट लागते. म्हणून तर रिंगच्या खाचेत बारीक पिन असते, रिंग फिरून तिचं तोंड खिडकीत येऊ नये म्हणून. एवढं सगळं तुम्ही कानस न थांबवता सांगत होतात. मग कॉटन वेस्टचा बोळा केलात आणि आतून फिरवलात. एक धागा एका कडेला अडकला. तेवढ्या धाग्यासाठी पुन्हा कानस. पुन्हा बोळा. धागा अडकायचा थांबला तेव्हा ब्लॉक रॉकेलमध्ये गेला.

या कामाचे तुम्ही पैसे लावले नाहीत. बिलात फक्त ‘बोअर, होन’ एवढंच होतं. विचारलं तर म्हणालात, ‘ते बोअरमध्येच येतं.’ मेस्त्री, येत नाही. पुष्कळ ठिकाणी येत नाही. रिंग तुटलेले ब्लॉक मी त्यानंतर मित्रांच्या गाड्यांत पाहिलेत, आणि प्रत्येक वेळी पोर्टवरून बोट फिरवून बघायची मला सवय लागली आहे.

क्रँकचं थोडक्यात लिहितो, नाहीतर पत्र संपायचं नाही. प्रेसवर फ्लायव्हील सुटी केलीत, नवी पिन, नवं बेअरिंग घातलंत, पुन्हा दाबून जोडलंत आणि दोन सेंटरमध्ये धरून दोन्ही टोकांना डगमग मोजायचा काट्याचा डायल लावलात. तांब्याच्या हातोड्याचा एक ठोका, मग काटा बघायचा, मग पुन्हा ठोका. मला ते देवाच्या भरवशावर चाललंय असं वाटत होतं. पण काटा दर ठोक्याला कमी हलत गेला आणि शेवटी दोन शतांशात येऊन थांबला. जावाला हे एवढं का लागतं, तेही तुमच्याकडूनच कळलं: डायनॅमोचा आर्मेचर आणि पॉइंटचा (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या स्विचचा) कॅम दोन्ही क्रँकच्याच उजव्या टोकावर बसतात. टोक डगमगलं तर पॉइंटची फट दर फेरीला बदलते. मग माणूस पॉइंट बदलतो, कंडेन्सर बदलतो, कॉइल बदलतो, कार्ब्युरेटर दहादा उघडतो, आणि दोष क्रँकमध्ये असतो. क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी सीलंही त्यातच जातात. डावं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्सकडचं तेल ओढून धूर ओकतं, उजवं गेलं तर हवा ओढून पिस्टन तापवतं. आमच्या गाडीचा पांढरा धूर बघून ‘ऑइल जास्त घालता’ असं सांगणारे किती भेटले होते! दोन्ही सीलं नवी बसली, पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल पूर्वीइतकंच आहे, लिटरला 40 मिलि, आणि धूर पार गेला.

तुमच्याकडे बसून जे ऐकलं त्याचेही आभार मानायला हवेत. काम चालू असताना तुम्ही बोलता, आणि लेथ बंद केली की गप्प होता, हे माझ्या लवकर लक्षात आलं. म्हणून मी लेथ चालू असतानाच विचारायचो. बुलेटचा विषय निघाला की तुमचा आवाज चढायचा. सैन्यासाठी सरकारनं 1954 मध्ये 800 बुलेट मागवल्या, तिथून मद्रासचा कारखाना उभा राहिला. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. अँमीटरचा काटा मध्यावर आणून, सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसर ओढून मगच किक मारायची, नाहीतर ती उलटी मारते. पोलिश घराण्याची राजदूत 175, रस्ता नसेल तिथे जाणारी. 1983 ची राजदूत 350, यामाहाच्या आरडीची बहीण, तिचे क्रँक तुम्ही अजून घाबरत घेता. आणि 1985 मध्ये आलेली यामाहाची आरएक्स 100, जिच्यासाठी पोरं ब्लॉक घेऊन रांगेत बसायची. त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी 100 आली. ‘तिचं कामच येईना, पेट्रोलसुद्धा थेंबथेंब पिते,’ असं तुम्ही म्हणालात, आणि तुम्ही चिडून बोलताय की कौतुकानं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आता तर पुष्कळ नव्या गाड्यांच्या सिलिंडरला आतून कोटिंग असतं, बोअर मारताच येत नाही, सबंध ब्लॉकच बदलतात. तुमच्या लेथवर आता निम्म्याहून जास्त काम जुन्या गाड्यांचं आहे. म्हणजे आम्हा वेड्यांना तुमची गरज आहेच, पण थोडी तुम्हालाही आमची आहे असं समजून मी निर्धास्त येत असतो.

जावाबद्दल तुम्ही बोलायचात ते मला स्वतः चालवल्याशिवाय पटलं नव्हतं. गिअरचा आणि किकचा एकच लिव्हर: आत दाबून वर फिरवला की किक, परत बसवला की गिअर. नवख्या माणसाला गाडी द्यावी आणि तो किक शोधत खाली वाकलेला बघावा, यासारखी करमणूक नाही. क्लचला हात न लावता पायानंच गिअर पडतो, हे सांगितलं तर लोक थाप समजतात. एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर. आणि तो सहा व्होल्टचा दिवा, ज्यात समोरच्याला आपण दिसतो, आपल्याला काही दिसत नाही. बारा व्होल्ट करून घ्या असं सगळे सांगतात. करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. मी रात्री गाडी काढत नाही, प्रश्न मिटला.

एक तक्रार मात्र आहे. मला होनिंग शिकवायचं तुम्ही कबूल केलं होतं. प्रत्येक वेळी ‘पुढच्या ब्लॉकला’ म्हणता.

तर तो पुढचा ब्लॉक येतोय. मित्राची आरडी उघडली आहे. दोन सिलिंडर, त्यामुळे क्रँक चार फ्लायव्हीलचा, आणि डाव्या रॉडला उभ्यात खेळ आहे, मी स्वतः हलवून पाहिला. पिस्टन दोन्ही घेतलेत, स्कर्टवर मोजलेत, दोघांत एका शतांशाचा फरक निघतोय, तो तुम्ही तुमच्या मायक्रोमीटरनं बघा, माझा स्वस्तातला आहे. मित्राला घाई आहे. त्याला घेऊन येतोय, पण घाईचं बोलायला लागला तर तुम्हीच काय ते सुनवा. सोमवारी सकाळी, दुकान उघडायच्या वेळेला येतो.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमचा,
लाल जावावाला