मुलांच्या मूत्रमार्गाची पहिली शस्त्रक्रिया

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली सापडलेल्या मुलांच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात आणि बहुधा ‘प्रकृती स्थिर आहे’ या वाक्यावर संपतात. शल्यचिकित्सा कक्षात एकतीस वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यामुळे त्यापुढे काय घडते ते मी जवळून पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

चाकाखाली कमरेची हाडे मोडली की त्यांच्या आधाराने असलेला मूत्रमार्ग ताणला जाऊन फाटू शकतो. लहान मुलांत पौरुषग्रंथी (प्रोस्टेट, मूत्राशयाच्या खाली मूत्रमार्गाभोवती असणारी ग्रंथी) पुरती वाढलेली नसते, त्यामुळे मोठ्या माणसाच्या तुलनेत ही फाट अधिक वर, कधी कधी मूत्राशयाच्या मुखाजवळ पडते आणि लघवीवरचा ताबाच धोक्यात येतो. लघवीच्या जागी रक्ताचा थेंब दिसला, मूल कळ येऊनही लघवी करू शकत नसले आणि ओटीपोट फुगले, तर आंधळेपणाने कॅथेटर (मूत्रमार्गातून घालायची लघवीची नळी) घालू नये, कारण अर्धवट फाटलेला मार्ग त्या धडपडीत पूर्ण तुटू शकतो. आधी मूत्रमार्गात एक्स-रेवर दिसणारे औषध भरून त्याचा एक्स-रे घ्यावा, आणि मार्ग तुटलेला दिसल्यास ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी बसवावी. मुलींमध्ये ही इजा क्वचित होते, पण झाली तर योनिमार्गालाही जखम असण्याची शक्यता मोठी असते आणि संकोचापोटी ती तपासायची राहून जाते. अशा मुलीची तपासणी भूल देऊनच व्हायला हवी.

आमच्याकडे आलेल्या आठ वर्षांच्या एका मुलाला आधीच्या ठिकाणी तीनदा कॅथेटर घालण्याचा प्रयत्न झाला होता. त्याची आई रोज विचारी, “सिस्टर, हाड तर जुळलं, मग ही लघवीची पिशवी कधी सुटणार?” सूज ओसरून व्रण पक्का व्हायला साधारण तीन महिने जावे लागतात, त्यानंतरच मधला व्रण काढून मूत्रमार्गाची दोन निरोगी टोके ताण न देता जोडतात. हा जोड घालता यावा म्हणून कधी दोन्ही जांघांच्या मधल्या, ओटीपोटाखालच्या हाडाचा तुकडाही काढावा लागतो. हे काम ज्याच्या हातात रुळलेले आहे अशा शल्यविशारदाकडेच पहिल्या खेपेला मूल गेले पाहिजे, कारण पहिली शस्त्रक्रिया फसली की मार्ग आखूड होतो, रक्तपुरवठा घटतो आणि दुसरी खेप कितीतरी अवघड होते. या मुलाला ती दुसरी खेप सोसावी लागली.

ऊसतोड कुटुंबांची अडचण याहून वेगळी आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. जानेवारीत जखमी झालेल्या मुलाची शस्त्रक्रियेची वेळ एप्रिलमध्ये येते, नेमके तेव्हा हंगाम संपून कुटुंब बीडकडे परतलेले असते. नळी वेळेवर बदलली जात नाही, जंतुसंसर्ग होतो, मुतखडे धरतात, केसपेपर हरवतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अशा प्रत्येक मुलाची नोंद जखमेच्या दिवशीच व्हावी, पुढील तारीख त्याच्या गावच्या आशाताईंना कळवली जावी आणि आईसह त्याच्या प्रवासाचा खर्च शासनाने उचलावा, ही माझी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे. वयात येताना मार्ग पुन्हा आवळला आहे का, लैंगिक वाढ नीट होते आहे का, हेही पाहावे लागते. तेव्हा ही नोंद एका शस्त्रक्रियेनंतर बंद न करता मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत चालू ठेवावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, सांगली जिल्हा